तुटलेली जोडणी आणि अडलेली जागा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते नाशिक येथे माध्यमिक शिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मी येथूनच पाहिले. इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या मास्तराने सर्व्हर आणि टर्मिनल यांच्या नादी का लागावे, हा प्रश्न रास्त आहे. मी इंजिनिअर नाही. शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली काही वर्षांपूर्वी माझ्या हाती आली आणि किल्लीबरोबर तेथल्या अडचणीही आल्या. त्या निस्तरता निस्तरता जे शिकलो तेवढेच सांगणार आहे. परंतु या विषयात एका मुलीच्या नोकरीचा प्रश्न गुंतला होता. म्हणून विद्यार्थ्यांइतकेच पालकांनीही हे शेवटपर्यंत ऐकावे, अशी विनंती आहे.

आमची एक माजी विद्यार्थिनी जुन्या नाशकात राहते. पदवी मिळाल्यावर तिला बाहेरगावच्या एका कंपनीचे घरूनच करावयाचे काम मिळाले. पहिले तीन महिने उमेदवारीचे होते. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी तिचे वडील शाळेत आले. म्हणाले, “सर, पोरीला तुम्हीच समजवा. रोजचं एकच रडगाणं, लाइन तुटली. मी राउटर बदलून आणला. माझा मोबाइल नीट चालतो, धाकट्याचे व्हिडिओ चालतात, मग हिचीच लाइन कशी तुटते? आता तिच्या साहेबांनी लिहिलंय, तुमच्या नावानं एकाच वेळी पाच ठिकाणी कोण बसलंय? असली नोकरी नको सर, निदान घरात शांतता तरी राहील.”

त्या बोलण्यात राग कमी आणि काळजी जास्त होती. मुलगी कामाची टाळाटाळ करते की काय, ही एक शंका. तिचे नाव व पासवर्ड दुसरे कोणी वापरते की काय, ही दुसरी आणि त्याहून मोठी शंका. दोन्ही शंका खोट्या होत्या. पण त्या खोट्या आहेत हे दाखवून देण्यासाठी आधी ‘लाइन’ म्हणजे काय, ते समजून घ्यावे लागले. तेच आता क्रमाने सांगतो.

दूरचे टर्मिनल

सर्व्हर म्हणजे दुसऱ्या गावी, कदाचित दुसऱ्या देशात, रात्रंदिवस चालू असणारा संगणक. आपण घरच्या संगणकावर एक काळी चौकट उघडतो आणि तिच्यात आज्ञा टंकतो. आज्ञा तिकडे पोहोचते, काम तिकडे होते आणि उत्तर आपल्या चौकटीत उमटते. ही चौकट म्हणजे टर्मिनल. आपले नाव व पासवर्ड सांगून आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत जे चालते ते सेशन.

ही ये-जा आज बहुधा एस-एस-एच नावाच्या पद्धतीने होते. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठात तातू युलनेन यांनी १९९५ मध्ये ती तयार केली. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तरी जाता-येता पासवर्ड टिपून घेतले होते. आधीच्या टेलनेट पद्धतीत पासवर्ड उघडाच जात असे. एस-एस-एच सारा मजकूर कुलूपबंद करून पाठवते. १९९९ मध्ये ओपन-बी-एस-डीच्या मंडळींनी तिची ‘ओपन-एस-एस-एच’ ही मुक्त आवृत्ती काढली. आज बहुतेक लिनक्स सर्व्हरवर हीच असते.

त्याच १९९५ सालच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या वेळी घरच्या टेलिफोनला मोडेम लावावा लागे, आणि पुष्कळांची खाती निव्वळ अक्षरांची, म्हणजे अशाच काळ्या चौकटीची असत. फोन मध्येच तुटला तर मोडेमच्या कानातला सूर बंद पडे. मोडेम ते लगेच संगणकाला कळवी आणि संगणक त्या माणसाचे सेशन गुंडाळून टाकी. युनिक्स संगणकांत या निरोपाला ‘हँग-अप’ असे नाव पडले. हँग-अप म्हणजे फोन ठेवला. त्याचेच ‘हप’ हे आखूड रूप लिनक्समध्ये आजही चालते. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

जोडणी म्हणजे दोन वह्या

आजही आपण ‘लाइन’ म्हणतो, पण टेलिफोनसारखी सलग लाइन आता नसते. आपल्या मजकुराची लहान लहान पाकिटे होतात आणि ती वाट मिळेल तशी जातात. ज्या नियमांनी ती जातात त्यांना टी-सी-पी म्हणतात. त्यांचा मसुदा सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीत जोडणी म्हणजे दोन्ही टोकांच्या संगणकांनी आपापल्या वहीत केलेली नोंद होय. अमक्याशी माझे बोलणे चालू आहे, इतका मजकूर गेला, इतका आला, एवढेच त्या नोंदीत असते. दोघेही गप्प असतील तर एकही पाकीट जात नाही. त्या वेळात मधली वाट पार बंद झाली तरी दोन्ही वह्यांतली नोंद जशीच्या तशी राहते. माणूस विचार करीत बसला असेल तरी शांतता, आणि त्याच्या घरची वीज गेली असेल तरी शांतता. दुसऱ्या टोकाला दोन्ही सारखेच.

शिवाय मध्ये आणखी वह्या असतात. आपल्या घरात चार-पाच यंत्रे असली तरी बाहेर पत्ता एकच दिसतो. कोणते पाकीट कोणाचे, याची नोंद राउटर ठेवतो. पुष्कळदा इंटरनेट पुरवणारी कंपनी अनेक घरांत मिळून एकच पत्ता वाटते आणि तशीच नोंद ठेवते. सर्व्हरच्या दाराशीही एक पहारेकरी यंत्र असते, तेही ठेवते. या मधल्या वह्यांत जागा मोजकी असते. म्हणून ज्या जोडणीवर काही काळ ये-जा नाही, तिची ओळ खोडली जाते. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी २००८ मध्ये असे सांगून ठेवले, की चालू जोडणीची ओळ निदान २ तास ४ मिनिटे खोडू नये. परंतु पुष्कळ यंत्रे तितका धीर धरीत नाहीत. काही तर थोड्याच मिनिटांत ओळ खोडतात, आणि खोडली हे दोन्ही टोकांपैकी कोणालाही सांगत नाहीत.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. व्हिडिओ पाहताना पाकिटांची रीघ लागलेली असते, म्हणून ती ओळ खोडली जात नाही. मोबाइलवरचे ॲप तर जोडणी तुटली तरी गुपचूप नवी जोडून घेते; आपल्याला पत्ताही लागत नाही. साध्या टर्मिनलला तशी सोय नसते. एक जोडणी गेली की ते सेशन आपल्या हातून गेले.

तीन दिवसांची वही

मी त्या मुलीला कोणताही उपाय आधी सांगितला नाही. तिला म्हटले, तीन दिवस एक वही ठेव आणि प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिही. किती वाजता तुटली? त्याआधी तू काय करीत होतीस? आणि पडद्यावर कोणते शब्द आले?

विद्यार्थी मित्रांनो, तिसऱ्या प्रश्नाकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो. इंग्रजीत काही तरी आले, असे सांगून मोकळे होतो. वस्तुतः निदान त्या शब्दांतच असते. ‘कनेक्शन क्लोज्ड बाय रिमोट होस्ट’ असे आले तर सर्व्हरने स्वतःहून दार लावून घेतले. ‘कनेक्शन रिसेट बाय पीअर’ आले तर पलीकडून, किंवा मधल्या एखाद्या यंत्राकडून, ‘हे बोलणे मला माहीत नाही’ असा स्पष्ट नकार आला. ‘ब्रोकन पाइप’ म्हणजे मेलेल्या जोडणीवर आपण लिहावयास गेलो. लॅपटॉप मिटून ठेवला आणि तासाभराने उघडला की पुष्कळदा हेच दिसते. ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर इनपुट’ आणि पुढे ‘ऑटो-लॉगआउट’ असे आले तर जोडणीत काहीच बिघाड नाही. रिकामे बसलेल्याला बाहेर काढायचे, असा तेथल्या प्रशासकाचा नियम आहे आणि तो पाळावयाचा आहे. आणि काहीच शब्द न येता चौकट नुसती गोठली, टंकलेले अक्षरही उमटेना, तर समजावे की ओळ मध्येच कोठे तरी गुपचूप खोडली गेली.

मुलीच्या वहीत दर वेळी हाच शेवटचा प्रकार होता. टंकत असताना जोडणी एकदाही तुटली नव्हती. लांबलचक सूचना वाचून झाल्यावर, फोनवरचे बोलणे संपल्यावर किंवा जेवून परत आल्यावर चौकट गोठलेली सापडे.

मग आम्ही एक प्रयोग केला. एकाच वेळी दोन सेशन उघडली. एक तसेच शांत ठेवले; दुसऱ्यात दर अर्ध्या मिनिटाला वेळ छापणारी एक छोटी आज्ञा चालू केली. शांत सेशन गोठले, बोलणारे जिवंत राहिले. म्हणजे दोष शांततेचा होता. नंतर घरचे इंटरनेट बाजूला ठेवून मोबाइलवरून तोच प्रयोग केला. दोन्ही वाटांनी शांत सेशन जवळपास तितक्याच मिनिटांनी गोठले. घरची वाट वेगळी, मोबाइलची वाट वेगळी. दोन्हींना सामाईक काय, तर सर्व्हरच्या दाराशी असलेली वही. राउटर बदलून फरक का पडला नव्हता, ते वडिलांना तेव्हा कळले. ते तेथेच बसले होते. काही बोलले नाहीत, पण मुलीकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले, ती नजर आदल्या दिवसाची नव्हती.

मिनिटामिनिटाला एक शब्द

आजार शांततेचा असेल तर औषध सोपे आहे: अधूनमधून एखादा शब्द बोलत राहणे.

संगणकाच्या टी-सी-पीत ‘कीप-अलाइव्ह’ म्हणून अशी एक सोय आहे. परंतु लिनक्स पहिली विचारणा करतो ती ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. मधली वही काही मिनिटांत ओळ खोडणारी असेल, तर दोन तासांनी केलेल्या विचारणेचा उपयोग काय? म्हणून एस-एस-एचमध्ये वेगळी सोय आहे. आपल्या खात्यात ‘डॉट-एस-एस-एच’ नावाचा एक लपलेला फोल्डर असतो, त्यात ‘कॉन्फिग’ नावाची फाइल असते, नसल्यास करावी. तिच्यात ‘सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल’ हे इंग्रजी शब्द सलग जोडून लिहावेत आणि पुढे ६० हा आकडा द्यावा. मग ६० सेकंद सर्व्हरकडून काही आले नाही, की आपले यंत्र कुलूपबंद पाकिटातून ‘आहात का?’ असे विचारते आणि सर्व्हर ‘आहे’ म्हणतो. लागोपाठ तीन वेळा उत्तर आले नाही तर आपले यंत्र जोडणी सोडून देते आणि तसे सांगते. हा तीनचा आकडा मुळातच ठरलेला असतो. इंटरव्हलचा आकडा मात्र मुळात शून्य असतो. शून्य म्हणजे कधीच विचारू नका. आपण तो भरला नाही तर कोणीच काही विचारत नाही.

येथे दोन इशारे देतो. पहिला, हा आकडा फार लहान ठेवू नये. क्षणभर वाट बंद पडून पुन्हा सुरू झाली तर टी-सी-पी ते सहन करते, पाकीट पुन्हा पाठवते. आपण दर सेकंदाला उत्तर मागू लागलो तर जी जोडणी तगली असती तीच आपल्या उतावळेपणाने तुटेल. दुसरा, हा उपाय मधल्या विसराळू यंत्रांसाठी आहे, कार्यालयाचा नियम चुकवण्यासाठी नव्हे. ऑटो-लॉगआउट लावले असेल तर काम संपल्यावर रीतसर बाहेर पडावे आणि लागेल तेव्हा पुन्हा आत जावे.

गोठलेल्या चौकटीतून सुटण्याची एक युक्तीही सांगून ठेवतो. चौकट बंद होत नसेल तर आधी एंटर, मग टिल्ड म्हणजे ती लहरी रेघ, आणि मग पूर्णविराम, या तीन कळा एकापाठोपाठ दाबाव्यात. आपल्या बाजूचे एस-एस-एच तेथल्या तेथे संपते. मात्र वाट बंद असेल तर आपण निघालो हे सर्व्हरला तरीही कळत नाही. साहेबांच्या त्या पत्राचे मूळ येथेच आहे.

जागेवरचा रुमाल

आपल्या सी.बी.एस.वर गर्दीच्या वेळी गाडी लागली की काय होते, ते नाशिककरांना सांगायला नको. माणूस खिडकीतून रुमाल टाकतो. जागा धरली. मग तो पाण्याची बाटली आणायला जातो. समजा, वाटेत त्याला कोणी भेटले आणि तो दुसऱ्याच गाडीने निघून गेला. रुमाल मात्र जागेवरच राहिला. उभे असलेले लोक त्या जागेकडे पाहतात, पण बसत नाहीत. जागा रिकामी आहे आणि रिकामी नाहीही.

सर्व्हरवर राहिलेले सेशन म्हणजे असा रुमाल. मुलीची चौकट गोठे. ती चौकट बंद करून नव्याने आत जाई. पण सर्व्हरच्या वहीत तिची आधीची नोंद शाबूत असे. दिवसाकाठी चार-पाच वेळा असे झाले की तिच्या नावावर पाच सेशन दिसत. साहेबांना वाटले, पाच ठिकाणी पाच माणसे आहेत. वास्तविक माणूस एकच होता आणि रुमाल पाच.

सर्व्हरला हे आपोआप कधी कळते? त्याला काही पाठवावयाचे असेल तर तो पाकीट पुन्हा पुन्हा धाडून साधारण पाव तासाने हार मानतो. पण त्यालाही काही पाठवावयाचे नसेल तर दोन तास वाट पाहतो, मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा विचारतो. हिशेब करा: २ तास ११ मिनिटे १५ सेकंद. तोवर रुमाल जागेवर.

आता हे रुमाल कसे उचलावेत? तीन पायऱ्या आहेत. त्यांचा क्रम चुकवू नये.

पहिली पायरी, हजेरी घ्यावी. सर्व्हरवर ‘डब्ल्यू’ हे एकच अक्षर टंकून एंटर दाबले की कोण आत आहे, कोणत्या टर्मिनलवर आहे, केव्हापासून आहे, किती वेळ स्वस्थ आहे आणि कोणता प्रोग्राम चालवीत आहे, याची यादी येते. ‘हू’ या आज्ञेनेही थोडक्यात हेच मिळते.

दुसरी पायरी, स्वतःला ओळखावे. ‘टी-टी-वाय’ ही आज्ञा दिली की आपण या क्षणी बसलो आहोत त्या टर्मिनलचे नाव येते, उदाहरणार्थ पी-टी-एस/३. हे न पाहता हात चालवला तर आपण बसलेली फांदीच तोडू.

तिसरी पायरी, जुन्या टर्मिनलवर काय चालू आहे ते पाहून मगच त्याला ‘हप’ पाठवावा. ‘पी-किल’ या आज्ञेला हप हा निरोप आणि त्या टर्मिनलचे नाव दिले की तेथल्या प्रोग्रामना ‘फोन ठेवला’ असे कळते आणि बहुतेक प्रोग्राम आवराआवर करून उठतात. ‘नऊ नंबर’चा निरोप अगदी शेवटचा. तो मिळालेल्या प्रोग्रामला आवरण्याची संधीच मिळत नाही. अर्धे लिहिलेले अर्धेच राहते. पुष्कळ मुले पहिल्यांदाच नऊ नंबर वापरतात आणि त्यात शौर्य मानतात. त्यात शौर्य नाही.

सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे त्याने कंडक्टरसारखे अधूनमधून विचारावे, ‘या जागेवर कोण आहे?’ त्यासाठी सर्व्हरच्या एस-एस-एचमध्ये ‘क्लायंट-अलाइव्ह-इंटरव्हल’ हा आकडा असतो. तोही मुळात शून्य असतो. ६० ठेवला आणि तीन वेळा विचारण्याची मूळची मर्यादा कायम ठेवली, तर निघून गेलेल्याचा रुमाल दोन तासांऐवजी तीन-चार मिनिटांत उचलला जातो.

माझी चूक

हे सारे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. मी शिकलो ते दोन मुलांना त्रास देऊन.

शाळेने भाड्याने घेतलेल्या एका सर्व्हरवर मी शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी यादी तयार करीत होतो. मुलांची माहिती वाचून एकेक ओळ यादीत भरणारा प्रोग्राम होता. त्याला बराच वेळ लागे. रात्री घरून काम करताना चौकट गोठली. मी पुन्हा आत गेलो आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. माझी समजूत अशी, की माझी लाइन तुटली म्हणजे तिकडचे कामही थांबले. पण मी गेलो हे सर्व्हरला ठाऊकच नव्हते. पहिला प्रोग्राम चालूच होता. आता दोन प्रोग्राम एकाच यादीत लिहू लागले. काही नावे दोनदा आली. दोन मुलांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या, एकाचे नाव आणि दुसऱ्याचा खाते क्रमांक. मी सकाळी यादी न तपासता पुढे पाठवली. त्या दोघांचे अर्ज परत आले. दुरुस्तीच्या अखेरच्या दिवशी त्या मुलांना आणि त्यांच्या वडिलांना कामधंदा बुडवून धावपळ करावी लागली. त्यांपैकी एक जण रोजंदारीवर होते. त्यांचा तो दिवस मी परत देऊ शकलो नाही.

त्या रात्री एक अक्षर, ते ‘डब्ल्यू’, टंकले असते तर जुने सेशन आणि त्यात चालू असलेला प्रोग्राम मला दिसला असता. म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो: जोडणी तुटल्यावर पुन्हा आत गेलात की पहिली आज्ञा कामाची नसावी, पाहण्याची असावी. फाइल उघडताना ‘विम’ने ‘या नावाची स्वॅप फाइल सापडली’ असा इशारा दिला तर तोही नीट वाचावा. आधीचे सेशन अजून ती फाइल धरून बसले आहे, किंवा अर्धवट काम वाचवून ठेवले आहे, हेच तो सांगत असतो. घाईने एंटर मारू नये.

काम लाइनीवर टांगू नये

पण खरी सावधगिरी याच्याही आधीची आहे. लांब चालणारे काम आपल्या जोडणीवर टांगूच नये.

जोडणी गेल्याचे सर्व्हरला शेवटी कळते, तेव्हा तो सेशनला हप पाठवतो आणि आत चाललेले काम सहसा मरते. म्हणजे दोन्हीकडून धोका: कळेपर्यंत काम आपल्या नकळत चालू, आणि कळल्यावर अर्ध्यात बंद. यावर जुना उपाय ‘नो-हप’ ही आज्ञा. नावातच अर्थ आहे: फोन ठेवला तरी थांबू नकोस. त्याहून सोयीचा उपाय ‘स्क्रीन’ हा प्रोग्राम. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात तो १९८७ मध्ये तयार झाला. त्याच जातीचा ‘टी-मक्स’ २००७ मध्ये आला आणि आज तोच अधिक चालतो. यांत आपले काम सर्व्हरवरच्या एका राखणदाराकडे राहते. आपली चौकट ही त्या कामाकडे पाहण्याची नुसती खिडकी होते. खिडकी बंद झाली तरी आतले काम चालू राहते. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या संगणकावरूनही, ‘टी-मक्स’ आणि पुढे ‘अटॅच’ असे टंकले की काल सोडले तेथेच आपण परत येतो. काही सर्व्हरवर मात्र बाहेर पडणाऱ्याचे सारे प्रोग्राम बंद करण्याचा नियम असतो. म्हणून आधी एखादे किरकोळ काम ठेवून, बाहेर पडून, परत येऊन पाहावे. मगच महत्त्वाचे काम त्यावर सोपवावे.

मोठ्या ठिकाणीही हीच रीत आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. २०१९ मध्ये पुण्यातील आयसर संस्थेत परम ब्रह्म आला. आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावरच्या नारायणगावाजवळ खोडद येथे जी.एम.आर.टी. ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या कामासाठी पुण्यातील परम रुद्र २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. अशा यंत्रांवर काम करणारे शास्त्रज्ञ यंत्रापुढे जाऊन बसत नाहीत. ते आपल्या जागेवरून टर्मिनलने आत जातात, आपले काम रांगेत लावतात आणि बाहेर पडतात. काम चालू असताना त्यांची जोडणी तुटली तरी रांगेतल्या कामाला धक्का लागत नाही. एवढ्या मोठ्या यंत्रावरही लाइन तुटेल असे धरूनच व्यवस्था केलेली असते. मग आपल्या घरच्या इंटरनेटवर आपण निर्धास्त का राहावे?

ज्यांना हे हळूहळू शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीतून विनामूल्य आहेत. इंग्रजीची भीती हे कारण आता चालणार नाही.

पालकांना विनंती

त्या मुलीने साहेबांना कारणे सांगणारे लांब पत्र लिहिले नाही. तीन दिवसांची वही, दोन वाटांनी केलेला प्रयोग आणि पाचही सेशन एकाच पत्त्यावरून आल्याचे दाखवणारी यादी, एवढेच पाठवले. पुढच्या आठवड्यात कंपनीने आपल्या सर्व्हरवर तो आकडा भरला. इतरांचीही सेशन तशीच अडकत होती, असे तेव्हा उघड झाले; तोवर कोणी बोलले नव्हते, इतकेच. तिची उमेदवारी पूर्ण झाली आणि ती आजही त्याच कामावर आहे.

पालकहो, आपल्या घरांतून मुले आणि विशेषतः मुली आता अशी कामे करू लागल्या आहेत. आपण त्यांच्या कामाच्या जागी जाऊन पाहू शकत नाही. आपल्याला दिसते ती एक काळी चौकट आणि तिच्यापुढे गप्प बसलेले आपले मूल. त्या गप्प बसण्याला आपण पटकन नाव देतो: आळस, टाळाटाळ, नाही तर मोबाइलचा नाद. कधी तसे असेलही. पण नाव देण्याआधी विचारा. किती वाजता तुटते, काय करताना तुटते, पडद्यावर काय येते, हे विचारायला बी.एस्सी. व्हावे लागत नाही.

परवा ते गृहस्थ मला दूध बाजारात भेटले. मुलीची चौघडी, चहापाणी सारे बोलून झाल्यावर मी सहज विचारले, आता लाइन तुटते का? म्हणाले, “तुटते की, कधी तरी तुटतेच. पण आता मी काही बोलायच्या आधीच धाकटा ओरडतो, आपा, आधी बघ तिकडे कोण बसलंय!”

शाळेचा संगणक कक्ष शनिवारी शाळा सुटल्यावर उघडा असतो. ज्याला सराव करावयाचा असेल त्याने वही-पेन्सिल घेऊन यावे.